वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू

उन्हाळा लागला की माझ्याकडे दोन प्रकारची पत्रे वाढतात. एक वाळवणांची आणि दुसरी भाडेकरूंची. पापडाच्या कडा का फाटतात इथपासून अनामत रक्कम किती घ्यावी इथपर्यंत सगळे त्यांत असते, आणि या सदरात मी जमेल तसे उत्तर देत आले आहे. या खेपेला मात्र एका भगिनीचे पत्र असे आले आहे, की आजची सगळी जागा त्यालाच द्यावी लागेल. पापडवाल्या मैत्रिणींनी रागावू नये, एक आठवडा थांबावे.

बाईंचे नाव-गाव अर्थातच देत नाही. तालुक्याचे गाव, स्वतःचे घर, वर दोन खोल्या आणि गॅलरी, जिना बाहेरून. तिथे तीन वर्षे दोन मुली राहतात. मुली आपल्या म्हणायच्या. दोघी तिशीच्या आहेत, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाच्या. एक दवाखान्याच्या लॅबोरेटरीत नोकरी करते, दुसरी क्लासमध्ये गणित शिकवते. भाडे पाच तारखेच्या आत. मागच्या वर्षी बाईंच्या सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा या दोघी आळीपाळीने रात्री दवाखान्यात बसल्या. एवढी चांगली मुलगी, म्हणून बाईंनी मायेने लॅबवालीसाठी एक स्थळ आणले. मुलगा बँकेत, पुण्याला फ्लॅट, माणसे चांगली. मुलगी दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काकू, मी लग्न नाही करणार. आम्ही दोघी आहोत ना एकमेकींना." तिच्या बोलण्याचा अर्थ कळेस्तोवर, बाई लिहितात, तव्यावरची पोळी करपून गेली.

पत्रात प्रश्न तीन. यांना ठेवू, की खोली रिकामी करायला सांगू? गल्लीत कुजबुज सुरू झालीच आहे. दुसरा, मुलीच्या वडिलांनी "तुमच्या भरवशावर सोडतोय" म्हणून तिला इथे आणून पोचवले होते. त्यांना फोन करून कळवणे माझे कर्तव्य नाही का? आणि तिसरा, माझी दहावीतली मुलगी रोज संध्याकाळी वर गणिताला जाते, तिचे काय?

आधी उत्तरे सांगते, कारणे मागाहून. भाडेकरू ठेवा. वडिलांना फोन करू नका. मुलीला गणिताला पाठवा.

यांत फोनचे सर्वांत महत्त्वाचे, कारण बाकीचे दोन निर्णय चुकले तर सुधारता येतात. तो फोन परत घेता येत नाही. तुम्ही फोन ठेवलात की पुढे काय होईल ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळच्या एस.टी.ने वडील आणि एखादा काका येतील. मुलीचा मोबाइल काढून घेतला जाईल. "आईची तब्येत बरी नाही" म्हणून तिला घरी नेतील. नोकरी सुटेल, आणि महिन्या-दोन महिन्यांत मिळेल त्या मुलाशी लग्न लागेल. त्या मुलाचाही कुणी विचार करीत नाही, बरे का! त्या बिचाऱ्याने काय पाप केले म्हणून त्याच्या गळ्यात असा संसार बांधायचा, ज्यात बायकोचे मन पहिल्या दिवसापासून नाही?

मी काही नाटक-सिनेमातले सांगत नाही. मदुराईच्या दोन तरुणी अशाच घर सोडून चेन्नईला गेल्या. आई-वडिलांनी त्या हरवल्याची तक्रार दिली, पोलीस मागे लागले, आणि शेवटी त्यांना मद्रास उच्च न्यायालयात संरक्षण मागावे लागले. त्या खटल्याचा ७ जून २०२१ चा निकाल प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी त्यात मोकळेपणाने लिहिले, की हा विषय मलाच नीट समजलेला नव्हता. समजून घेण्यासाठी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाऊन बसले आणि मगच त्यांनी निकाल लिहिला. मला हे फार आवडले. एवढ्या मोठ्या खुर्चीवरचा माणूस "मला कळत नाही, मी विचारून येतो" म्हणतो, तर आपण गल्लीतल्या दोन बायकांच्या सांगण्यावरून निवाडा कशाला करायचा? पुढच्याच वर्षी, ३१ मे २०२२ ला, केरळच्या उच्च न्यायालयानेही घरच्यांनी ताटातूट केलेल्या दोन तरुणींना एकत्र राहण्याची मोकळीक दिली.

वडिलांनी तुमच्यावर भरवसा टाकला तो मुलगी सुखरूप राहावी म्हणून. ती सुखरूप आहे. कधी त्यांचाच फोन आला, तर तब्येत चांगली आहे, नोकरी छान चालली आहे, भाडे वेळेवर देते, असे सांगा. सगळे खरेच आहे. बाकीची गोष्ट तिची आहे. कुणाला सांगायची, केव्हा सांगायची, की सांगायचीच नाही, ते तिला ठरवू द्या. तुमच्यापाशी ती बोलली ते तुम्ही विचारलेत म्हणून, आणि तुमच्या स्वयंपाकघरात बोलता येते असे तिला वाटले म्हणून.

सगळेच आई-वडील एस.टी. पकडून धावत येतात असे मात्र नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात जीन मॅनफर्ड नावाच्या एक प्राथमिक शिक्षिका होत्या, मुलांना गणित शिकवणाऱ्या. त्यांचा मुलगा समलिंगी. १९७२ साली एका कार्यक्रमात निषेधाची पत्रके वाटताना त्याला बेदम मारहाण झाली आणि पोलीस बघत राहिले. या बाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहिले, की माझा मुलगा समलिंगी आहे आणि माझे त्याच्यावर प्रेम आहे. त्या काळात कुठली आई असे छापून आणणार? त्याच वर्षी जूनमध्ये मुलाच्या मोर्च्यात त्या हातात फलक धरून चालल्या, तर रस्त्यावरची मुले येऊन त्यांना म्हणू लागली, आमच्या आईशी जरा बोलाल का? त्यातून मार्च १९७३ मध्ये एका चर्चमध्ये पालकांची पहिली बैठक भरली. जेमतेम वीस माणसे होती. आज त्या संस्थेच्या शाखा अमेरिकाभर आहेत. सुरुवात बघा कशातून झाली: चार आया-बापांना बसून बोलायला एक खोली मिळाली.

आपल्याकडेही मुंबईत २०१७ पासून अशा पालकांचा 'स्वीकार' नावाचा गट आहे. आणि स्थळावरून आठवले. २०१५ साली मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी आपल्या मुलासाठी 'वर पाहिजे' अशी जाहिरात दिली. मुलासाठी वर! काही वर्तमानपत्रांनी छापायला नकार दिला, एका इंग्रजी दैनिकाने छापली. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास उत्तम, असेही त्यांत लिहिले होते. त्यावर पुष्कळ टीका झाली, तीही रास्तच. पण मला त्यात आपल्या ओळखीची एक आई दिसली. मुलाचे कुठेतरी जुळावे, त्याला म्हातारपणी कुणी असावे, एवढीच तिची काळजी. तुम्ही जे स्थळ घेऊन वर गेलात, त्यामागेही हीच माया होती ना? तर मग त्या मुलीचे जुळलेले आहे, एवढे लक्षात घ्या.

आता खोलीविषयी. मुंबई-पुण्याकडे या सगळ्या मंडळींना मिळून 'क्वीअर' असा एक शब्द हल्ली वापरतात. त्यात समलिंगी आले, तृतीयपंथी आले, आणखीही कितीतरी. आणि या लोकांसाठी 'सुरक्षित जागा' हवी, असे सतत वाचायला मिळते. वाचताना वाटते, हे काहीतरी मोठे प्रकरण असेल. पण थोडी माहिती काढली तर कळते, की झगडा नेहमी अगदी साध्या जागेसाठी झाला आहे. मुंबईत एके काळी समलिंगी पुरुषांना एकमेकांना भेटायला रेल्वे स्टेशने आणि बागा एवढेच ठिकाण होते. तिथे पोलिसांची भीती, आणि "घरी सांगू" म्हणून पैसे उकळणाऱ्या गुंडांची त्याहून जास्त. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे मासिक सुरू केले आणि १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला. सांताक्रूझला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. छप्पर, पंखा, बसायला चार जागा आणि दार लावून मोकळेपणाने बोलता येईल अशी खोली. एवढ्यासाठी माणसे लांबलांबून लोकलने येत. बायकांचे तर आणखी अवघड. रात्री बागेत उभे राहण्याची सोयही त्यांना नव्हती! १९९५ मध्ये मुंबईत 'स्त्री संगम' हा त्यांचा गट निघाला. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक ट्रस्ट' काढला आणि या विषयावर मराठीत भरपूर लिहिले. ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी त्यांचे 'इंद्रधनू' मिळवून वाचावे.

पण हे झाले मुंबई-पुण्याचे. तुमच्या-माझ्या गावात असा ट्रस्ट नाही, खोलीची पाटीही नाही. तिथे आहे ती तुमची वरची खोली आणि तिची किल्ली तुमच्या कमरेला.

खोली नसली तर नोकरीही टिकत नाही. केरळात २०१७ साली कोची मेट्रो सुरू झाली तेव्हा कंपनीने तृतीयपंथी व्यक्तींना मुद्दाम नोकऱ्या दिल्या. देशभर कौतुक झाले, फोटो छापून आले. आणि काही आठवड्यांतच त्यांतल्या काही जणी नोकरी सोडून गेल्या. कारण काय, तर शहरात कुणी भाड्याने घर देईना, आणि रोजच्या रोज लॉजचे पैसे भरणे पगारात बसेना. मेट्रोच्या साहेबांना जे जमले ते घरमालकिणींच्या पुढे अडले. पुढे २०१९ च्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तींना घर भाड्याने देताना भेदभाव करायचा नाही असे स्पष्ट लिहिले गेले, आणि घरच्यांनी टाकलेल्यांसाठी सरकारने 'गरिमा गृह' नावाची निवासस्थाने काढली. पहिले २०२० मध्ये बडोद्याला. कायदा झाला ते चांगलेच. पण दारावर "खोली गेली हो" म्हणून सांगणाऱ्या बाईला कुठला कायदा पकडणार?

तुम्ही लिहिता, "आमच्यासारख्या गावात असले कधी नव्हते." खरेच नव्हते का? माझ्या लहानपणी आमच्या गावात दोन शिक्षिका एकत्र राहत. दोघी बिनलग्नाच्या. एकीला सगळे मोठ्या बाई म्हणत, दुसरीला धाकट्या बाई. एकच चूल, एकच गोदरेजचे कपाट, उन्हाळ्यात दोघी मिळून यात्रेला. त्यांचे आपसांत काय होते मला ठाऊक नाही, आणि कुणी विचारलेही नाही. मोठ्या बाई गेल्या तेव्हा धाकट्या बाईंना भेटायला मात्र सगळे गाव गेले, जसे घरच्या माणसाला भेटायला जातात. आणि नाटक-सिनेमाचे म्हणाल, तर विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले, त्यात रोहिणी हट्टंगडींनी अशाच एका मुलीची भूमिका केली. १९८२ च्या 'उंबरठा'मध्ये तर निराधार स्त्रियांच्या आश्रमातल्याच दोघींची गोष्ट आहे. आसरा देण्यासाठी काढलेल्या घरातही त्यांना धड आसरा नाही. आपल्या आयांनी हे सगळे पाहिले आहे. तेव्हा विषय नवा आहे असे नको म्हणू या.

कायद्याची धास्ती असेल तर तीही काढून टाका. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की दोन सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीने ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही, मग ती माणसे समलिंगी असोत वा नसोत. लग्नाला मात्र अजून मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो प्रश्न संसदेवर सोडला. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की खोली देण्यात तुम्ही काही बेकायदा करीत नाही. तुम्ही पाहायचा तो कायदा निराळाच आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून त्याची नोंदणी करणे महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर बंधनकारक आहे, आणि तुमच्या पत्रावरून दिसते की तुमचा करार एकीच्याच नावाचा, साध्या स्टॅम्प पेपरवर आहे. तो दोघींच्या नावाने करून नोंदवून घ्या. उद्या एकीला नोकरीसाठी बाहेरगावी जावे लागले तर दुसरी अधांतरी राहू नये. ही गोष्ट कुजबुजीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, खरे सांगते.

आणखी एक त्यांना सांगा, बहुधा त्यांना ठाऊकही नसेल. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात केंद्र सरकारने कळवले आहे, की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते काढता येते, एकमेकींचे नाव नॉमिनी म्हणून लावता येते, आणि रेशन कार्डासाठी त्यांना एकाच कुटुंबातले धरावे. मला रेशन कार्डाचे विशेष वाटले. एका घराची माणसे कोण, हे आपल्याकडे शेवटी रेशन कार्डावरच ठरते! आता तहसील कचेरीतल्या टेबलावर हे परिपत्रक पोचले आहे की नाही हा भाग निराळा.

गल्लीचे म्हणाल, तर फार खुलासे देत बसू नका. "माझ्या भाडेकरू आहेत, चांगल्या आहेत, सासूबाईंच्या आजारपणात त्यांनीच केलं," असे म्हणा आणि भाजीच्या भावावर या. आपण खुलासा करू लागलो की समोरची खुर्ची ओढून बसते. कुणी फारच खोदू लागली, तर "मला नाही बाई विचारावंसं वाटलं" एवढे पुरे. दूधवाला, कामवाली, भिशीतल्या मैत्रिणी, कुणापाशीही विषय काढायचा नाही. आणि तुम्ही स्वतः वर जाताना जिन्यातून हाक मारून जा. गच्चीवरच्या वाळवणांच्या निमित्ताने आपण घरमालकिणी केव्हाही वर जातो, ती सवय सगळ्यांच्याच बाबतीत मोडायला हवी. खोलीला आतून धड कडी हवी आणि हाक मारल्याशिवाय कुणी येणार नाही याची खात्री हवी. एवढे झाले की माणसाला राहत्या जागी निवांत झोप लागते.

हे झाले सुरक्षिततेचे. आपलेपणा त्याच्या एक पायरी पुढे. खोली दिली, भाडे घेतले, पण संक्रांतीला तिळगूळ द्यायला बोलावताना जीभ अडखळली, असे होते. दोघींना एकत्र बोलावा. आपल्या हळदी-कुंकवातून आपण किती जणींना वर्षानुवर्षे बाहेर ठेवत आलो! विधवांना ठेवले, टाकलेल्यांना ठेवले. हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दाराशी कोण उभे राहायचे हे मात्र अजून आपणच ठरवतो. वर आणखी एक पथ्य: त्यांना नको ते विचारू नका. तुमच्यात नवरा कोण आणि बायको कोण, असले प्रश्न लोक विचारतात म्हणे. आपल्याला कुणी आपल्या खोलीतले विचारले तर चालेल का?

राहिली तुमची दहावीतली मुलगी. तुमच्या मनातली भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण मला कळली. हे काही संगतीने लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली, आणि आपल्या देशातल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असे जाहीर केले. २०२२ पासून 'बदलून देतो' म्हणून उपचार करणे हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरले आहे. बाबा-बुवांना तो नियम लागत नाही, म्हणून त्यांच्यापासून जास्त जपायचे. तुमच्या मुलीला वर गणिताखेरीज दुसरे काही मिळत असेल, तर दोन कमावत्या बायका घर कसे चालवतात ते पाहायला मिळत असेल. तिने विचारलेच, तर सरळ सांगा, की काही माणसांना आपल्यासारख्याच माणसावर प्रेम जडते आणि या दोघी तशा आहेत. पंधरा वर्षांच्या मुलींना हे आपल्यापेक्षा लवकर समजते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

वर्गाचे निघालेच आहे तर सांगते. मी अर्धा दिवस आठवी-नववीला मराठी शिकवते. दर दोन-तीन वर्षांत एखादा मुलगा असा येतो, की त्याच्या चालण्यावरून, हातवाऱ्यांवरून मुले त्याला चिडवतात. कोणत्या शब्दाने ते लिहायला नको, आपणही घरात सहज वापरतो. अशी मुले दिवसभर पाणी पीत नाहीत. का, तर मधल्या सुट्टीत मुलांच्या मुतारीत जायला लागू नये म्हणून. एका मुलासाठी आम्ही एवढेच केले, की तास चालू असताना त्याला विचारल्याशिवाय जाऊन येण्याची मुभा दिली आणि मधल्या सुट्टीत वाचनालयाची पुस्तके लावण्याचे काम दिले. तो पुढे कसा निघेल, कोण होईल, मला माहीत नाही. पाणी मात्र प्यायला लागला. आता तुम्हीच पाहा, तुमच्या मुलीच्या वर्गातही असा एखादा किंवा एखादी असेल. आपल्या घरात जेवताना वरच्या भाडेकरूंविषयी आपण काय बोलतो, ते ती शाळेत नेणार. आणि कुणी सांगावे, उद्या आपल्याच भाच्याला किंवा पुतणीला कुणाशी तरी बोलायचे असेल, तर ते आधी हेच आठवून पाहणार की काकू त्या दिवशी काय म्हणाल्या होत्या.

तुमचा अकरा महिन्यांचा करार मे अखेर संपतो असे तुम्ही लिहिले आहे. भाडे वाढवायचे असेल तर दरवर्षी वाढवता तेवढेच वाढवा. या निमित्ताने जास्त मागू नका, कारण त्या दोघी "नाही" म्हणू शकणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक झाले आहे. गॅलरीच्या पत्र्यातून पाणी गळते म्हणता, ते पावसाच्या आधी करून घ्या. आणि ते स्थळ माझ्याकडे पाठवून द्या, आमच्या शाळेत एक बाई आहेत!

पुढच्या आठवड्यात वाळवणांच्या पत्रांना उत्तरे देईन. ज्यांच्या कुरडया लाल पडतात, त्यांनी गहू किती दिवस भिजवले होते ते लिहायला विसरू नये.